बंद दाराशी बोलणारा

माझ्या मुलाला नेमकं काय झालंय असं कुणी विचारलं, तर मला एका वाक्यात सांगता येणार नाही. ताप नाही, खोकला नाही, पिणं नाही, जेवण वेळेवर. नोकरीत नाव आहे. शेजारणी म्हणतात, "असा मुलगा मिळायला भाग्य लागतं हो." मी हसते. आणि तरी गेले कित्येक महिने एक काळजी घशात काट्यासारखी बसली आहे. गिळवत नाही आणि काढवतही नाही. तो घरात असतो आणि नसतो. असंच चाललं तर त्याचा संसार मोडल्याचं साऱ्या इमारतीला कळेल, आणि त्याला मात्र कुणीतरी मेसेज पाठवून कळवावं लागेल.

आता घरात सगळे झोपलेत. म्हणजे हे, त्याचे वडील, घोरताहेत, आणि त्याच्या खोलीच्या दाराखालून निळसर उजेड दिसतोय. त्याला झोप म्हणायचं का, ते मला माहीत नाही.

लहानपणी आम्ही त्याला रेडिओ म्हणायचो. नाव यांनीच ठेवलेलं. सकाळी डोळे उघडले की सुरू, ते पांघरुणात शिरेपर्यंत. शाळेतून आला की दप्तर खांद्यावरच, एक बूट पायात, एक हातात, आणि तोंडाची टकळी चालू. कुणाच्या डब्यात काय होतं, बाई कुणावर ओरडल्या, मागच्या बाकावरच्या मुलाचा दात कसा पडला आणि तो त्याने खिशात कसा जपून ठेवला. मी भाजी चिरता चिरता "मग?" म्हणायचे. हे वैतागून म्हणायचे, "अरे, याचं बटण कुठे आहे ते कुणीतरी शोधा रे!"

पुस्तकांत त्याचं मन रमलं नाही. यंत्रं खोलायची भारी हौस. घरातलं एक घड्याळ त्याने धड ठेवलं नाही. डिप्लोमा केला आणि लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत लागला. त्याचं काम नेमकं काय, ते मला कळलं मी स्वतः अडकले तेव्हा.

आमच्या इमारतीतली लिफ्ट जुनी आहे. प्रत्येक मजल्यावर जड लोखंडी दार, त्याला डोळ्यांच्या उंचीवर वहीच्या पानाएवढी काच, आणि आत सरकती जाळी. एका दुपारी मी चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधोमध थांबले. दिवा गेला. समोर नुसती सिमेंटची भिंत. छातीत धडधडायला लागलं, देवाचं नावसुद्धा नीट आठवेना. थोड्या वेळाने वरच्या दारातून आवाज आला. "घाबरू नका. मी आलोय. आत किती जण आहात? एकटेच? बरं. पाठ भिंतीला टेकवा आणि खाली बसा. दार ओढू नका. तुम्ही बाहेर येईपर्यंत मी इथून हलणार नाही."

मी त्याची आई. तरी तो आवाज माझ्या मुलाचा आहे हे ओळखायला मला क्षणभर वेळ लागला. इतका मऊ, इतका सावकाश. आत मी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

"अरे, मी आहे," मी आतून ओरडले.

"आई, तू होय? मग काही घाई नाही. जरा शांत बस. आम्हालाही शांतता मिळेल."

मी आतल्या आत हसले आणि धडधड थांबली. वर गच्चीतल्या मशीनच्या खोलीत त्याचा जोडीदार हाताने चाक फिरवून लिफ्ट इंच इंच वर घेत होता, आणि हा दाराशी उभा राहून माझ्याशी अखंड बोलत होता. संध्याकाळी मला म्हणाला, "लिफ्ट दुरुस्त करणं सोपं असतं गं. आतला माणूस घाबरून दार उचकटायला गेला की जीव जातो. म्हणून आमचं पहिलं काम बोलणं. बोलणं तोडायचं नाही आणि न सांगता दारापासून हलायचं नाही. शिकवतातच तसं."

सून त्याला अशीच मिळाली. ती मुलांना पोहायला शिकवते. तलावाच्या इमारतीतल्या लिफ्टमध्ये ती ओल्या केसांनी, पायात रबरी चपला, अशी अडकली. लिफ्टचा कुठलासा भाग शहराच्या दुसऱ्या टोकाहून आणायचा होता, आणि तो येईपर्यंत हा दाराशी बसून तिच्याशी बोलत राहिला. नाकात पाणी गेलं की काय करायचं, मला पोहता येत नाही, मोठ्या माणसांना शिकवता का, मी बुडालो तर जबाबदार कोण, असं काय काय. ती बाहेर आली तेव्हा थंडीने कुडकुडत होती आणि हसत होती. लग्नानंतर एकदा ती मला म्हणाली, "आई, मला आधी त्याचा आवाज आवडला. तोंड नंतर पाहिलं."

हे बाजूलाच होते. म्हणाले, "नशीब. उलटं झालं असतं तर पंचाईत होती."

सुनेच्या कामात फोन चालत नाही. काठावर उभं राहायचं आणि नजर पाण्यावर ठेवायची. सकाळी तलावावर पोचली की फोन कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली साहेबांकडे. "नजर हलली की मूल गेलं," असं ती साध्या आवाजात सांगते, आपण 'दूध उतू जाईल' म्हणतो तसं. दिवसभर अशी दुसऱ्यांच्या मुलांकडे बघत राहिल्यावर घरी आली की ती गोष्टींनी भरलेली असायची. डोळे पाण्यातल्या औषधाने लाल, पोहण्याचा पोशाख न्हाणीघरातल्या नळावर टांगलेला, त्याची टिपटिप चालू, आणि हिची गोष्ट सुरू. आज कुणी पहिल्यांदा डोकं पाण्याखाली घातलं, कुणी काठाला घोरपडीसारखं चिकटून बसलं. पहिली दोन वर्षं घरात दोन रेडिओ होते. यांनी कानांवर हात ठेवायचं नाटक करायचं आणि कान मात्र टवकारलेले.

मग कंपनीने पद्धत बदलली. पूर्वी तक्रारी ऑफिसातल्या फोनवर यायच्या, तिथली बाई ज्याची पाळी असेल त्याला पाठवायची. आता सगळ्या कामगारांचा ग्रुप केला. ऑफिसातली बाई तक्रार त्यात टाकणार, आणि जो पहिल्यांदा 'मी जातो' लिहील तो जाणार. साहेब त्याला शाबासकीच्या अंगठ्याचं चित्र पाठवणार. महिन्याअखेर सगळ्यात चपळ कोण, त्याचा फोटो. माझ्या मुलाचा फोटो लागोपाठ यायला लागला. पहिला फोटो मीच नातेवाइकांना पाठवला, खोटं कशाला बोलू.

पाळी असो वा नसो, त्याचा अंगठा तयार. घास तोंडात, अंगठा तयार. तक्रार नसली की तक्रारीची वाट, आणि वाट बघताना डोळ्यांना काहीतरी लागतंच. मग कुणी साबण कापतंय, कुणी बर्फात भोक पाडून मासे धरतंय, कुणी मांजराला टोपी घालतंय. मी एकदा मागून डोकावले. "काय बघतोस रे एवढं?" तर म्हणाला, "काही नाही." आणि खरंच काही नव्हतं. तेच तर वाईट. एखादी बाई असती, पत्ते असते, तर मला निदान भांडायला कुणीतरी मिळालं असतं.

हळूहळू त्याचं बोलणं आटलं. राहिला तो फक्त 'हं'. हे म्हणायचे, "रेडिओ चालू आहे, पण स्टेशन लागत नाही."

एके दिवशी जेवताना सून काहीतरी सांगत होती आणि तो भलत्याच ठिकाणी "मग?" म्हणाला. ती थांबली. त्याच्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि त्याच सुरात म्हणाली, "मग काय, आज तलावात मगर आली होती."

"हं."

"दोन मुलं खाल्ली तिने."

"अच्छा. बरं झालं."

यांना असा ठसका लागला की पाणी नाकातून आलं. सून हसली, मीही हसले. आमच्या हसण्याने त्याने मान वर केली आणि तोही हसला, काय झालं ते न विचारता. त्या हसण्याने माझं हसणं थांबलं.

पण आमच्या घरात त्याचा खेळ झाला. रोज जेवताना सून काहीतरी ठोकून द्यायची. मगर आता तलावातच राहते, तिला फी माफ आहे. तलावाच्या साहेबांना पंख फुटले. हे तर अंगात आल्यासारखे खेळायला लागले. "सूनबाई, मला राजा केलंय. शुक्रवारी राज्याभिषेक." आणि लेक म्हणाला, "शुक्रवारी मला सुट्टी नाही बाबा." आम्ही तिघं पोट धरून हसलो. कधी कधी त्याच्या लक्षात यायचं, मग तो ओशाळून म्हणायचा, "पुन्हा मगर का?" आणि त्या दिवसापुरता फोन उलटा ठेवायचा. आम्हाला वाटायचं, चला, थट्टेने का होईना, सुधारतोय. तो मात्र दुसरंच शिकत होता. बायको जेवताना जे सांगते ते खरं नसतं, तेव्हा ऐकलं नाही तरी चालतं.

त्या संध्याकाळी सून लवकर आली होती. नळावर पोशाख नव्हता. ती पाण्यात उतरलीच नव्हती, हे मी पाहिलं, पण विचारलं नाही. पानं वाढली. ती रोजच्याच आवाजात, त्याच्याकडे बघत म्हणाली, "आज डॉक्टरांकडे जाऊन आले. दोन महिने झाले होते. राहिलं नाही."

त्याचा अंगठा वर सरकला.

"हं. बरं झालं."

हे सवयीने हसायला लागले. अर्ध्यातच त्यांचं हसणं तुटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी सुनेकडे. ती त्याच्याकडेच बघत होती, काठावर उभी असल्यासारखी. मग उठली, आपलं ताट घासलं, पुसून जागेवर ठेवलं आणि आत गेली.

मी मागोमाग गेले. न्हाणीघरात ती कोरडा टॉवेल पिळत उभी होती.

"अगं, मी सांगते त्याला. आत्ता हात धरून आणते."

"नको आई. त्याने ऐकलं नाही हे मला माहीत आहे. ऐकून असं बोलला असता तर?" आणि पिळता पिळता, "तुम्हाला आधी सांगणार होते. तिसरा महिना लागला की सांगू म्हटलं."

मी तिला जवळ घेतलं. तिचे केस कोरडे होते. त्या केसांचं कोरडेपण माझ्या हाताला अजून जाणवतं.

त्यानंतर दोनच दिवसांनी, संध्याकाळी, तो दिवाणावर पडला होता. फोन वाजला आणि तो ताडकन उठला. ग्रुपवर आमच्याच इमारतीचा पत्ता. 'एक महिला अडकली आहे.' याने 'मी जातो' लिहिलं, चपला घातल्या न घातल्या आणि पळाला. मला वाटलं तिसऱ्या मजल्यावरच्या आजी असतील, त्यांना दम्याचा त्रास आहे, म्हणून मी पाण्याची बाटली घेऊन मागून गेले.

लिफ्ट आमच्या आणि खालच्या मजल्याच्या मध्ये होती. तो खालच्या मजल्याच्या दाराशी गेला आणि त्याचा तो आवाज आला. मी किती दिवसांनी ऐकत होते. "घाबरू नका. मी आलोय. आतली जाळी नीट लागली आहे का, तेवढं बघा. नसेल तर लावा आणि बटण दाबा. नाही जमलं तरी हरकत नाही, मी इथून हलणार नाही."

त्याने काचेवर बोट वाजवलं.

"ऐकू येतंय का मी बोलतो ते?"

"येतंय," आतून सून म्हणाली. "बोल."

तो गडबडला. "तू? अगं, जाळी लाव की. तूच ओढून ठेवलीस ना?" चालत्या लिफ्टची जाळी बोटभर सरकवली की ती जागच्या जागी थांबते, हे इमारतीतल्या सगळ्या पोरांना माहीत आहे. पण थांबवून, आतूनच ऑफिसला फोन करून आपल्याच नवऱ्याला बोलावून घेणं कुणाला सुचेल? तिला सुचलं. दुसरा रस्ता तिला उरला नव्हता.

"लावते. आधी बोल माझ्याशी. बाहेरच्या लोकांशी बोलतोस तसं."

मी जिन्यावरच थांबले. परत फिरायला हवं होतं, फिरले नाही. तो दाराशीच खाली बसला, डोकं दाराला टेकवलं आणि विचारलं, "काय झालं?" खरंच विचारलं.

ती म्हणाली, "परवा जेवताना सांगितलं ते मगरीतलं नव्हतं."

"कुठलं?"

"डॉक्टरांचं."

त्याला आठवेना. तो आठवत होता हे मला दिसत होतं, बिचारा कपाळ चोळत होता. तिने पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक शब्द. त्याच्या खांद्यांचं काय झालं ते मला लिहिता येत नाही. तो म्हणाला, "मला वाटलं..." आणि थांबला. मग दारावर तळवा ठेवून म्हणाला, "खूप दुखलं का तुला?"

"हो," ती म्हणाली, आणि आत रडायला लागली. लग्न झाल्यापासून मी तिला रडताना ऐकलं नव्हतं. मला वाटलं, सुटलो. देवा, सुटलो एकदाचे.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

कुठल्याशा बाजाराच्या इमारतीत लिफ्ट बंद पडली होती. आत कुणी नव्हतं, नुसती बंद. त्याचा जोडीदार त्या बाजाराच्या शेजारी राहतो. याला जायची काही गरज नव्हती. हे सगळं मला नंतर कळलं, त्यालाही त्या क्षणी ठाऊक असणार. पण हात खिशाकडे गेलाच. उजेड तोंडावर पडला, अंगठा हलला, आणि तो दाराकडे न बघता म्हणाला, "एक मिनिट हं."

आतून जाळी सरकल्याचा आवाज आला. खट्. लिफ्ट खाली गेली.

तो जिन्यावरून धावला. तीन-तीन पायऱ्या एकदम. तो तळमजल्यावर पोचेपर्यंत लिफ्ट रिकामी होती आणि फाटक हलत होतं. तो परत वर आला तेव्हा मी तिथेच बाटली घेऊन उभी होते. म्हणाला, "आई, मी दारापासून हललो नव्हतो गं." हलला नव्हता, हे खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी ती बॅग न्यायला आली, तो कामावर असताना. मोठ्या बहिणीकडे राहते आता. मी म्हटलं, "रागावून जाऊ नकोस गं."

"राग नाही आई. मी बोलते आणि माझं मलाच ऐकू येत नाही असं व्हायला लागलंय." चपला घालताना म्हणाली, "त्याला सांगा, मेसेज करू नकोस. फोन कर, नाहीतर ये."

मी सांगितलं. तेव्हापासून तो मेसेज करतोय. 'जेवलीस का', 'काळजी घे', लाल बदाम, रडणारं तोंड, आणि एकदा तर मांजराला टोपी घातलेला व्हिडिओ. ती बघतसुद्धा नाही. तो मात्र तिने बघितलं का, ते दिवसभर बघतो. लिहितो, पुसतो, लिहितो. हे चिडले एकदा. "अरे, अनोळखी माणसांशी दाराआडून तास तास बोलतोस, स्वतःच्या बायकोला एक फोन करवत नाही?"

तो म्हणाला, "बाबा, तिथे काय बोलायचं ते ठरलेलं असतं."

माझीही मती गुंग झाली. एका रविवारी तो आंघोळीला गेला तेव्हा मी त्याचा फोन तांदळाच्या डब्यात पुरला. वाटलं, निदान एक दिवस. तो बाहेर आला आणि घरभर फिरायला लागला. गादी उचलली, उशा झटकल्या, वडिलांना उठवून खुर्ची तपासली. त्याचे ओठ पांढरे पडले होते. आणि मग तांदूळ वाजायला लागले. यांना हसू आवरेना, मला रडू. त्याने डब्यात कोपरापर्यंत हात घातला, फोन काढला, फुंकर मारली, सदऱ्याला पुसला आणि 'मी जातो' लिहून निघून गेला. रागावला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

काल सुनेचा फोन आला. लांबच्या एका गावात नवा तलाव बांधलाय, तिथे तिला मुख्य शिक्षिका म्हणून बोलावलंय, राहायला खोली आहे. दोन दिवसांत हो-नाही कळवायचं.

"तुझ्या मनात काय आहे?"

"माहीत नाही आई. तो स्वतःहून आला असता तर नाही म्हटलं असतं." मग घाईघाईने, "पण तुम्ही त्याला सांगू नका. शपथ आहे."

"अगं, कळल्याशिवाय तो येणार कसा?"

"कळलं की तो येणारच. धावत येईल. तक्रार आली की तो येतो, आई. मला तक्रार व्हायचं नाही."

मी बरं म्हटलं. आणि कालपासून मी या तीन खोल्यांत भिंतीला धरून फिरावं तशी फिरते आहे. सांगावं तर तिचा शब्द मोडतो. न सांगावं तर पोटचं पोर झोपेत असताना त्याचं घर रिकामं होताना बघत बसायचं. यांना विचारलं, तर म्हणाले, "इकडे आड, तिकडे विहीर. आणि तू पोहायला शिकलेली नाहीस." सगळ्याची थट्टा करायची यांची पद्धत. पण नंतर बराच वेळ माझा हात धरून बसले होते.

आज जेवताना मी शब्द मोडला. आईच ती. टीव्ही बंद केला, त्याच्या समोर बसले. फोन ताटाला टेकवून उभा केलेला. मी म्हटलं, "ऐक. ती दुसऱ्या गावी नोकरीला चाललीये. उद्या हो म्हणून कळवणार. तू आज गेलास तर थांबेल."

"हं," तो म्हणाला.

मी वाट पाहिली. मला वाटलं, आत कुठेतरी पोचायला वेळ लागत असेल. त्याने शेवटचा घास खाल्ला, हात धुतला, आणि जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी प्रेमाने म्हणाला, "झोप आता आई, दमली असशील." डोळे दुसऱ्या हातातल्या फोनवर.

पुन्हा सांगायला मी तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. पुन्हा सांगायचं, मग पुन्हा, मग मोठ्याने, मग ताट आपटून. सून रोज हेच करत होती, आणि आम्ही तिच्याबरोबर बसून हसत होतो. मी ओरडले असते तर त्याने ऐकलं असतं. चपला न घालता धावला असता, तिच्या बहिणीच्या दाराशी उभा राहून त्या आवाजात बोलला असता, आणि ती विरघळून परत आली असती, मला खात्री आहे. पुढचा फोन वाजेपर्यंत. मग ती पुन्हा या टेबलाशी बसली असती आणि मी तिला वाढत राहिले असते.

म्हणून मी ओरडले नाही. त्याच्या खोलीच्या दारावर टकटक करायला दोनदा उठले, दोनदा परत येऊन बसले. तिथे आत माझा मुलगा आहे, जागा आहे, आणि बाहेरून त्याच्याशी कसं बोलायचं ते मला येत नाही. त्याला येतं. त्याने मला कधी शिकवलं नाही.

मुलाचा संसार टिकावा असं वाटणारी आई सुनेला 'जा' म्हणते का? उद्या शेजारणी काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय. आणि तो? त्याला कळेल तेव्हा तो मला विचारेल, आई, तू माझ्या बाजूची की तिच्या? मी काय सांगू? तो माझा आहे, म्हणून मी इथेच राहणार, त्याच्या 'हं'ला 'हो' म्हणत, त्याचं ताट वाढत. मला सुटका नाही आणि नकोही आहे. पण तिला इथे अडकवून ठेवायचा मला हक्क नाही. माझ्या काळजीला सोबत हवी म्हणून तर नाहीच.

सकाळी तलावावर पोचली की तिचा फोन कपाटात जातो. त्याआधी तिला गाठायला हवं. मी तिला खरं ते सांगणार. शब्द मोडला, त्याला सांगितलं, तो 'हं' म्हणाला. हे लपवलं तर ती उद्या पुन्हा वाट बघत बसेल. आणि मग सांगणार, हो म्हणून कळव. सुट्टी मिळाली की मला भेटायला ये, मला, त्याला नाही. मला तुझ्या मुलांच्या गोष्टी ऐकायच्यात.

ती म्हणेल, आई, तुम्हाला चालेल? तर काय म्हणायचं, ते अजून ठरत नाहीये. बोलता बोलता सुचेल.

बाहेर उजाडायला लागलंय. ती उठली असेल. फोन लावते.